गवेनने तो पट्टा का घेतला? मध्ययुगीन इंग्रजी कथेतल्या पात्राचा हेतू शोधण्याची एक रीत

वर्षाचा शेवटचा दिवस. बाहेर हिमाने जमीन कडक झालेली. परक्या गढीतल्या पलंगावर सर गवेन आहे, आणि उद्या सकाळी त्याला एका माणसापुढे मान झुकवून कुऱ्हाडीचा घाव सोसायचा आहे. गढीच्या मालकाची बायको आपल्या कमरेचा हिरवा रेशमी पट्टा त्याला देऊ करते. तो नको म्हणतो. मग ती सांगते, हा पट्टा ज्याच्या अंगावर असेल त्याला जगातल्या कुठल्याही युक्तीने कुणी मारू शकत नाही. गवेन पट्टा घेतो.

का घेतो?

‘जीव वाचवायला’ हे उत्तर कुणीही देईल आणि ते बरोबरही आहे. पण तेवढ्यावर थांबलं, तर कवीने जिथे सगळ्यात जास्त जीव ओतला आहे ती जागा आपण न बघताच पुढे जातो. वर्गात असो किंवा घरी एकट्याने वाचताना असो, ‘या पात्राने असं का केलं’ असा प्रश्न आला की आपण थेट पात्राच्या मनात उडी मारतो. तिथे आपल्याला बहुतेक वेळा आपलंच मन सापडतं. म्हणून मी उलट्या बाजूने जायला सांगते: आधी कृती, मग शब्द, आणि मन सगळ्यात शेवटी. ही रीत एका कथेवर पूर्ण करून दाखवते. एकदा हाताला लागली की दुसऱ्या कुठल्याही जुन्या कथेवर ती वापरता येईल.

आधी कथा

‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ ही कविता चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. कवीचं नाव कुठेही नोंदलेलं नाही. काळ ‘कँटरबरी टेल्स’ लिहिणाऱ्या कवी चॉसरचाच, पण चॉसरची इंग्रजी लंडनची आणि ही वायव्य मिडलंड्सची, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या पट्ट्याच्या वायव्य भागातली. म्हणून चॉसर वाचू शकणाऱ्यालाही इथे ठेचा लागतात. एकूण ओळी २५३०, कडवी १०१. ही कविता एकाच हस्तलिखितात टिकली. ते ज्या ग्रंथसंग्रहात होतं त्याला १७३१ मध्ये आग लागली आणि बरीच हस्तलिखितं जळाली. हे वाचलं. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. कविता पहिल्यांदा छापली गेली ती १८३९ मध्ये.

नववर्षाच्या मेजवानीला आर्थर राजाच्या दरबारात एक सरदार घोड्यासकट आत येतो. माणूस हिरवा, घोडाही हिरवा. तो खेळ मांडतो: कुणीही माझ्या मानेवर एक घाव घालावा आणि वर्षाने माझ्याकडे येऊन तसाच घाव सोसावा. राजाऐवजी त्याचा भाचा गवेन पुढे होतो आणि मुंडकं उडवतो. हिरवा सरदार ते उचलतो. मुंडकं बोलतं, ‘हिरव्या चॅपेलपाशी (चॅपेल म्हणजे छोटं प्रार्थनागृह) ये’, आणि तो निघून जातो.

पुढच्या हिवाळ्यात गवेन त्याच्या शोधात निघतो. उत्तर वेल्स ओलांडून, अँगलसीची बेटं डाव्या हाताला ठेवत, विरलच्या रानात शिरतो. नाताळच्या आदल्या दिवशी त्याला एक गढी दिसते. मालक दिलदार, आनंदी. हिरवं चॅपेल जवळच आहे, तोवर राहा, असं म्हणतो. मग एक करार ठरतो: मालक रोज शिकारीला जाईल आणि गवेन घरी आराम करेल. दिवसभरात ज्याला जे मिळेल ते संध्याकाळी दुसऱ्याला द्यायचं.

तीन दिवस मालकाची बायको सकाळी गवेनच्या खोलीत येते. पहिल्या दिवशी एक चुंबन, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. मालक आणतो हरणं, मग रानडुक्कर, मग कोल्हा. गवेन चुंबनं परत करतो. पट्टा परत करत नाही. नववर्षाच्या सकाळी हिरव्या चॅपेलपाशी हिरवा सरदार तीनदा कुऱ्हाड उगारतो: दोनदा थांबवतो, तिसऱ्यांदा गवेनच्या मानेवर फक्त एक ओरखडा काढतो, आणि मग सांगतो की गढीचा मालक मीच, आणि हा ओरखडा त्या पट्ट्यासाठी.

पहिली पायरी: नुसती क्रियापदं लिहून काढा

कागद घ्या आणि त्या तिसऱ्या दिवसाच्या सगळ्या कृती क्रमाने लिहा. विशेषणं नकोत. ‘घाबरून’, ‘मोहाने’ असे शब्दही अजून नकोत. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून बहुतेकजण गाळतात. मला विचाराल तर अर्धं काम इथेच होतं.

माझी यादी अशी झाली. गवेन झोपेत पुटपुटतो आहे. ती येते, चुंबन घेते. बोलणं होतं. ती विचारते, दुसरी कुणी आहे का? तो म्हणतो, नाही, आणि सध्या कुणी असणारही नाही. ती उसासा टाकते, दुसरं चुंबन. ती आठवण म्हणून काही मागते. त्याच्याकडे देण्यासारखं काही नाही. ती सोन्याची अंगठी देते. तो नाकारतो. ती पट्टा देते. तो नाकारतो. ती पट्ट्याचा गुण सांगते. तो विचार करतो. ती पुन्हा आग्रह करते. तो घेतो. ती म्हणते, माझ्या नवऱ्याला कळू देऊ नका. तो कबूल होतो. तिसरं चुंबन. ती जाते. तो उठतो, कपडे करतो, पट्टा लपवून ठेवतो. चॅपेलमध्ये जातो, धर्मगुरूपुढे पापं कबूल करतो. दिवसभर स्त्रियांमध्ये हसत-गात राहतो. संध्याकाळी मालक येतो. गवेन आपणहून पुढे जातो, आधी आपली देणी देतो: तीन चुंबनं. मालक कोल्ह्याचं कातडं देतो.

आता आधीच्या दोन दिवसांच्या याद्या हिच्याशेजारी ठेवा. पहिले दोन्ही दिवस मालक आधी आपली शिकार दाखवतो, गवेन नंतर देतो. तिसऱ्या दिवशी हा क्रम फिरला. गवेन म्हणतो, आज करार मी आधी पुरा करतो. कवी यावर एक अक्षर बोलत नाही. पण ज्याला एखादा हिशेब पटकन मिटवून टाकायचा असतो, तो असाच घाई करतो. क्रियापदांची यादी केली नसती तर हा बदल निसटला असता.

आणखी एक गोष्ट यादीतच सापडते. पहिल्या संध्याकाळी मालकाने विचारलं होतं, हे चुंबन मिळवलं कुठून? गवेनने उत्तर दिलं, ते सांगणं करारात नव्हतं. म्हणजे कराराच्या शब्दांना धरून काहीतरी राखून ठेवायची सवय पहिल्याच दिवशी लागलेली आहे. तेव्हा ते निष्पाप होतं, तिच्या अब्रूसाठी होतं. तिसऱ्या दिवशीचं लपवणं त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल आहे.

दुसरी पायरी: हे कोण सांगतंय, ते प्रत्येक वाक्यापुढे लिहा

मध्ययुगीन कथाकार कधी पात्राचा हेतू सरळ सांगून टाकतो, कधी मुद्दाम झाकतो. शिवाय पात्रं स्वतःबद्दल बोलतात आणि दुसरे त्यांच्याबद्दल. हे सगळे आवाज आपण वाचताना एकत्र ढवळतो. ते वेगळे करा. पट्टा का घेतला याचे या कवितेत चार निवाडे आहेत आणि ते सगळे एकमेकांशी जुळत नाहीत.

निवेदकाचा निवाडा २०३७ ते २०४० या ओळींत. नववर्षाच्या पहाटे गवेन पट्टा कमरेला गुंडाळतो तेव्हा निवेदक सांगतो: त्याने तो श्रीमंतीसाठी किंवा त्याच्या झळाळत्या गोंड्यांच्या दिमाखासाठी बांधला नाही, स्वतःला वाचवण्यासाठी बांधला.

दुसरा निवाडा हिरव्या सरदाराचा, २३६६ ते २३६८. तोच गढीचा मालक, बर्टिलाक. तो म्हणतो, तुम्ही थोडे कमी पडलात, निष्ठेत उणे पडलात. पण ते कुठल्या कारागिरीच्या लोभाने नाही, प्रणयासाठीही नाही, तुम्हाला जीव प्यारा होता म्हणून, आणि म्हणून मी तुम्हाला कमीच दोष देतो.

तिसरा गवेनचा स्वतःचा. तो भ्याडपणा आणि लोभ या दोघांना शाप देतो. भ्याडपणाने मला लोभाशी हातमिळवणी करायला शिकवलं आणि सरदाराचं औदार्य व निष्ठा हा माझा स्वभाव मला सोडायला लावला, असं म्हणतो.

चौथा आर्थरच्या दरबाराचा. ते हसतात आणि सगळेच तसा हिरवा पट्टा मिरवायचं ठरवतात.

इथे विद्यार्थी विचारतात, मग खरं कुणाचं? मी सांगते, घाई करू नका. निवेदक आणि बर्टिलाक दोघेही लोभ नव्हता म्हणतात आणि गवेन मात्र स्वतःवर लोभाचाच आरोप ठेवतो. या तफावतीपाशी थांबायचं. माणसाने केलेली चूक एक असते आणि तो स्वतःवर ठेवतो तो आरोप दुसरा असतो. त्या दोहोंमधल्या अंतरात तो माणूस दिसतो.

या जागी मराठी वाचकाला एक फायदा आहे आणि तो सोडू नये. मध्ययुगीन इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असे दोन वेगळे शब्द होते. आजच्या इंग्रजी अनुवादात दोन्हींचं एकच ‘यू’ होतं आणि फरक मरतो. आपल्या कानाला तो लगेच कळतो. हिरवा सरदार दरबारात शिरतो तेव्हा भर सभेत आर्थर राजाला ‘तू’ म्हणतो. गवेन त्याच राजाला ‘तुम्ही’ म्हणतो. मालकीण पहिल्या सकाळी ‘तुम्ही’ने सुरुवात करते आणि बोलता बोलता ‘तू’वर येते: कितीतरी स्त्रियांना तू असा हाती हवा होतास, जसा मला मिळाला आहेस. आता निवाड्याची जागा बघा. ‘तुझी परीक्षा घ्यायला मीच तिला पाठवलं’ हे हिरवा सरदार ‘तू’ म्हणत सांगतो, आणि पांढऱ्या वाटाण्यांपुढे मोती तसा इतर सरदारांपुढे गवेन, अशी स्तुतीही करतो. मग दोष सांगायची वेळ येते तेव्हा शब्द बदलतो: ‘तुम्ही’ कमी पडलात, ‘तुम्हाला’ जीव प्यारा होता. राजाला अरे-तुरे करणारा माणूस नेमका दोष देताना आदरार्थी बोलतो. त्या तीन ओळी मोठ्याने वाचल्या की कळतं, इथे शिक्षा संपली आणि माणुसकी सुरू झाली. म्हणून हिरव्या सरदाराचा हेतू क्रूर होता असं कुणी लिहिलं की मी त्याला या ओळी परत वाचायला लावते.

तिसरी पायरी: शब्दाचा तेव्हाचा अर्थ

सगळे शब्द तपासत बसू नका, तीन-चार पुरेत. ज्या शब्दावर पात्राचा निर्णय टेकलेला आहे तोच घ्या.

इथला मुख्य शब्द ‘ट्राउथ’. यातूनच आजचा ‘सत्य’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आला, पण या कवितेत त्याचा अर्थ ‘सत्य’ एवढाच नाही. दिलेला शब्द, इमान, निष्ठा, सचोटी हे सगळं त्यात आहे. आपल्या ‘इमान’ शब्दाच्या तो जवळ बसतो. गवेनच्या ढालीवर पाच टोकांचा तारा आहे आणि कवी त्याचा अर्थ सांगायला दोन कडवी खर्च करतो. एकाच अखंड रेषेने काढलेली ही आकृती, कुठे सुरुवात नाही, कुठे शेवट नाही, आणि ती ट्राउथची खूण. पाच इंद्रियं, पाच बोटं, ख्रिस्ताच्या पाच जखमा, मेरीचे पाच आनंद आणि पाच गुण: औदार्य, बंधुभाव, शुचिता, दरबारी शिष्टाचार, करुणा.

रेषा अखंड आहे म्हणजे एक गुण सुटला तर आकृतीच मोडते. आता या माणसाच्या पलंगावर यजमानाची बायको येऊन बसते. शिष्टाचार सांगतो, स्त्रीला दुखवू नको. शुचिता सांगते, तिच्या मनासारखं करू नको. यजमानाचं मीठ खाल्लेलं आहे. कवी हा पेच १७७३ ते १७७५ या ओळींत उलगडून ठेवतो: त्याला आपल्या शिष्टाचाराची काळजी होती, आपण गावंढळ ठरू नये म्हणून, पण त्याहून जास्त काळजी आपल्या हातून पाप घडेल आणि त्या घराच्या धन्याशी द्रोह होईल याची. काळज्यांचा क्रमसुद्धा कवी लावून देतो. हेतू शोधताना अशी ओळ सापडली तर तिच्याखाली रेघ मारा. अशा ओळी दुर्मिळ असतात.

मग ‘लोभ’. पट्ट्याची किंमत त्याला नको होती हे ठरलेलं आहे, तरी तो स्वतःला लोभी का म्हणतो? सरदाराचा मोठा गुण म्हणजे ‘लार्जेस’, मोकळा हात. त्याच्या उलट असतं ते मूठ आवळणं. गवेनने जी मूठ आवळली तिच्यात सोनं नव्हतं, त्याचा स्वतःचा जीव होता. आपलं म्हणून काहीही धरून ठेवलं की तो लोभ, अशा नजरेने तो स्वतःकडे पाहतो. ही संगती लागली की आरोप खरा वाटतो, फक्त अतिशय कडक.

चौथी पायरी: त्याच माणसाला दुसऱ्या जागी उभं करून बघा

एखाद्या हेतूवर बोट ठेवलंत की स्वतःला विचारा: हाच हेतू असता तर हा माणूस अमुक ठिकाणी कसा वागला असता? आणि कविता तिथे काय म्हणते?

लोभ धरून बघू. मग अंगठी का नाकारली? लाल सोन्याची, सूर्यासारखा चमकणारा खडा बसवलेली, अतिशय मोलाची अंगठी पट्ट्याच्या आधी काही क्षण त्याच्यासमोर होती.

भ्याडपणा धरून बघू. नववर्षाच्या सकाळी मालकाने दिलेला वाटाड्या त्याला चॅपेलच्या अलीकडे थांबवतो आणि म्हणतो, तिथे राहणारा कुणालाही जिवंत सोडत नाही. दुसऱ्या वाटेने निघून जा, मी शपथेवर कुणाला सांगणार नाही. सुटकेचा याहून सोपा दरवाजा नाही. साक्षीदारही नाही. गवेन म्हणतो, मग मी भ्याड सरदार ठरेन, मला क्षमा नसेल. आणि पुढे जातो. हा प्रसंग कवीने उगाच घातलेला नाही. वाटाड्याचं गुपित राखण्याचं वचन आणि मालकिणीने मागितलेलं गुपित राखण्याचं वचन ही जोडी आहे. एकदा गुपिताच्या आडोशाला तो जातो, दुसऱ्यांदा जात नाही.

पट्ट्यावर पूर्ण विश्वास होता असं धरून बघू. मग पहिल्या घावाला खांदे का आक्रसले? अंगावर पट्टा आहे, तरी कुऱ्हाड खाली येताना पाहून तो किंचित चळतो. हिरवा सरदार हिणवतो, तू गवेन नव्हेस. गवेनचं उत्तर मला फार आवडतं: पुन्हा हलणार नाही, पण माझं मुंडकं दगडांवर पडलं तर मला ते परत बसवता येत नाही.

या एका वाक्यात पट्ट्याचं अर्धं कारण आलं आहे. खेळच असमान होता. एका खेळाडूकडे जादू, दुसऱ्याकडे नाही. झोपेत पुटपुटणाऱ्या, उद्याच्या मरणाची गणितं मांडणाऱ्या माणसाला कुणीतरी ती असमानता मिटवणारी वस्तू देऊ केली. पट्ट्याचा गुण ऐकल्यावर त्याच्या मनात जे येतं तेही कवी सांगतो: पुढच्या संकटासाठी हे रत्नच आहे. त्याला पळायचं नाही. वचनही पाळायचं आहे आणि मानही राखायची आहे.

पाचवी पायरी: एका ‘का’चे तुकडे करा

वाचकांची सगळ्यात मोठी चूक मला इथे दिसते. ‘पट्टा का घेतला’ हा एक प्रश्न नाही. पट्ट्याशी गवेनचा संबंध वेगवेगळ्या क्षणी येतो आणि प्रत्येक क्षणाचा हेतू वेगळा आहे.

घेतो तेव्हा जगण्याची आशा. मागे वाईट रात्र, समोर आग्रही स्त्री, दोनदा नकार देऊन झालेला. तिसऱ्या नकारासाठी शिष्टाचाराचा शब्दही उरलेला नाही.

लपवतो तेव्हा प्रकरण बदलतं. स्त्रीला वचन दिलं आहे की नवऱ्याला सांगणार नाही. नवऱ्याला वचन दिलं आहे की मिळेल ते देईन. दोन्ही पाळणं आता शक्य नाही. पण गवेन या पेचाबद्दल तक्रार करत नाही, कुठे थांबत नाही, कारण एक वचन मोडण्यात त्याचा फायदा आहे. मालकाला पट्टा दिला तर संरक्षणही गेलं. माझ्या मते दोष घेण्यात नाही, इथे आहे. भेट म्हणून घेतलेला पट्टा संध्याकाळी कोल्ह्याच्या बदल्यात देऊन टाकला असता तर कथेत काहीच बिघडलं नसतं.

पापकबुलीचा क्षण सगळ्यात अवघड. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेपासून, म्हणजे रोममध्ये भरलेल्या चर्चच्या मोठ्या सभेपासून, वर्षातून एकदा तरी पापकबुली देणं प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती माणसाला बंधनकारक होतं, त्यामुळे या कवितेच्या श्रोत्यांना त्याचे नियम पाठ होते: दुसऱ्याचं ठेवून घेतलेलं परत केल्याशिवाय कबुली पुरी होत नाही. कवी म्हणतो, गवेनने लहानमोठी पापं सांगितली आणि धर्मगुरूने त्याला इतकं निर्मळ केलं की उद्या कयामत आली तरी चालेल. आणि पट्टा तर खोलीत लपवलेला. पट्ट्याबद्दल त्याने सांगितलं का, हे कविता सांगत नाही. इथे दोन वाचनं होतात. एक, त्याने जाणूनबुजून दडवलं, म्हणजे कबुली खोटी. दोन, त्याला ते पाप वाटलंच नाही, तो एक खेळाचा करार होता, आणि संध्याकाळपर्यंत तर करार मोडलेलाही नव्हता. मी दुसऱ्याकडे झुकते. पुढे हिरव्या सरदारापुढे तो जे बोलतो त्यात नव्याने हादरलेल्या माणसाचा आवाज आहे, जुनं गुपित उघड झालेल्याचा नाही. आधी तो बराच वेळ नुसता उभा राहतो, मग छातीतलं सगळं रक्त चेहऱ्यावर चढतं, आणि मग शब्द येतात. जुन्या कथांमध्ये शरीर काय करतं ते शब्दांच्या आधी टिपा. तिथे लबाडी कमी असते. हिरवा सरदार त्यानंतर म्हणतो, तू आता स्वच्छ कबुली दिलीस, आणि माझ्या पात्याचं प्रायश्चित्त भोगलंस. खरी पापकबुली चॅपेलमध्ये नाही, इथे झाली.

शेवटी तोच पट्टा तो खांद्यावरून आडवा बांधून घरी नेतो. आता तो लाजेची खूण आहे. वस्तू एकच, हेतू दर वेळी दुसरा.

सहावी पायरी: समोरच्यांचे हेतू, पण दुसऱ्या वाचनात

पहिल्या वाचनात मालकीण गवेनवर भाळली आहे असंच वाटतं, तसंच वाटायला हवं. दुसऱ्या वाचनात कळतं की ती नवऱ्याच्या सांगण्यावरून आलेली होती. मग मागे जाऊन निवेदकाची भाषा तपासा. पहिल्या दिवशी: तिचं वागणं जणू तिचं त्याच्यावर फार प्रेम असल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी, १५५० वी ओळ: तिने त्याला प्रणयाकडे वळवायचा प्रयत्न केला, ‘मनात दुसरं काहीही असो’. केवढी सावध ओळ आहे! निवेदक खोटं बोललेला नाही, त्याने फक्त दार किलकिलं ठेवलं. आणि मग तिसऱ्या दिवशी, १७३३ मध्ये, तोच निवेदक म्हणतो की ‘प्रेमापायी’ तिला झोप आली नाही. सोंग करता करता काही खरं झालं का? ही शक्यता कवीने जिवंत ठेवली आहे, आपण मारू नये.

मालक तर दुसऱ्या संध्याकाळी उघडच बोलतो: दोनदा मी तुला पारखलं, खरा ठरलास, आता तिसऱ्या खेपेला सगळ्यात चांगला डाव टाक. गवेनला कळत नाही, पहिल्यांदा वाचणाऱ्यालाही नाही.

मॉर्गन ल फे, म्हणजे आर्थरची जादू जाणणारी सावत्र बहीण, हिच्यावर फार वेळ घालवू नका. सगळं तिने घडवलं, राउंड टेबलचा, म्हणजे आर्थरच्या सरदारमंडळाचा, गर्व तपासायला आणि राणी ग्विनेव्हीरला भीतीने मारायला, असं बर्टिलाक शेवटी सांगतो. हा हेतू कथेच्या यंत्राला लागतो, एवढंच. कवीने त्यावर काही ओळीच दिल्या आहेत, पट्ट्यावर शेकडो. कवीने जिथे ओळी खर्च केल्या तिथे आपणही वेळ खर्च करावा.

गवेन शेवटी बायबलमधल्या ॲडम, सॉलोमन, सॅम्सन, डेव्हिड या स्त्रियांमुळे फसलेल्या पुरुषांची नावं घेऊन स्त्रियांवर घसरतो, तो भागही इथेच तपासा. त्याला निवेदकाचं मत समजू नका. लाजेने होरपळलेल्या माणसाचं ते बोलणं आहे, आणि काही ओळींपूर्वी त्याने सगळा दोष स्वतःवर घेतला होता. आधी स्वतःवर, मग दुसऱ्यांवर, मग पुन्हा स्वतःवर: हा क्रम फार ओळखीचा आहे.

सातवी पायरी: लिहायला बसा

उत्तर लिहिताना ‘कारण’ हा शब्द टाळून ‘जेव्हा’ने वाक्य सुरू करून बघा. ‘गवेनने पट्टा घेतला कारण तो घाबरला होता’ याऐवजी असं:

‘रात्रभर मरणाच्या विचाराने तळमळलेला गवेन जेव्हा पट्ट्याचा गुण ऐकतो तेव्हा त्याला तो असमान खेळातला आधार वाटतो, पण जेव्हा तो पट्टा मालकापासून राखून ठेवतो तेव्हा आधाराची गरज इमानावर मात करते. वाटाड्याने देऊ केलेली सुटका तो नाकारतो, म्हणून याला निव्वळ भ्याडपणा म्हणता येत नाही.’

दोन वाक्यांत क्षण आला, पुरावा आला आणि विरुद्ध बाजूचा प्रसंगही आला. लिहून झाल्यावर कवितेत अशी एक ओळ शोधा जी तुमचं उत्तर अडचणीत आणेल. सापडली तर ती लपवू नका, उत्तरात घ्या. माझ्या उत्तराला अडचणीत आणणारी ओळ म्हणजे वाटाड्याला गवेनने दिलेला निरोप: मी देवाच्या इच्छेला पूर्ण तयार आहे, स्वतःला त्याच्या हाती सोपवलं आहे. हे बोलताना हिरवा पट्टा त्याच्या लाल अंगरख्यावर कमरेभोवती दोन वेढे घालून बांधलेला आहे, सगळ्यांना दिसेल असा. तो खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. दोन्ही गोष्टींवर त्याचा भरवसा आहे आणि एकीवरही पुरता नाही.

सरावासाठी शेवटचं कडवं आणि त्याच्या आधीचं घ्या. गवेन घरी येतो, मानेवरची खूण दाखवतो, सगळं सांगतो, सांगताना लाजेने पुन्हा लाल होतो. राजा त्याला धीर देतो. दरबार हसतो. सगळ्यांनी त्याच्यासाठी हिरवा पट्टा बांधायचा असं ठरतं आणि पुढे तो मानाचा समजला जातो. या सगळ्यावर गवेन काय म्हणाला? कवी त्याला एकही शब्द देत नाही. आधी क्रियापदं लिहा: कोण हसलं, कोण बोललं, कोण गप्प राहिलं.